काट्याआधी किडनीकडे बघ

अगं, त्या आठवड्याच्या इंजेक्शनबद्दल तू विचारलंस तेव्हा घरात सगळे बसलेले होते, म्हणून मी आवरतं घेतलं. आता निवांत सांगते, आणि हे आपल्या दोघींतच राहू दे. तुझ्या शाळेतल्या बाई त्या सुईने बारीक झाल्या, त्यांना बघून तुझ्याही मनात आलं. येणारच. मी स्वतः ते इंजेक्शन घेते, त्यामुळे मी तुला नको म्हणणार नाही. पण त्यांच्यात आणि तुझ्यात एक फरक आहे. त्यांच्या किडन्या ठणठणीत आहेत, आणि तुझ्या लघवीतून प्रोटीन जातंय. म्हणून त्यांच्याकडून हुरूप घे, त्यांचा डोस मात्र उचलू नकोस.

आधी चांगली बातमी. किडनीचा त्रास आहे म्हणजे हे औषध आपल्याला वर्ज्य, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाक. सेमाग्लुटाइड नावाचं जे औषध आहे, ज्याचं ओझेम्पिक हे नाव तू ऐकलंयस, त्याची एक मोठी चाचणी खास मधुमेह आणि किडनीचा आजार दोन्ही असलेल्या माणसांवरच झाली. ‘फ्लो’ तिचं नाव. 3,533 रुग्ण होते. 2024 च्या मे महिन्यात निकाल छापून आला. किडनी निकामी होणं, तिचं काम निम्म्यावर येणं, किडनीच्या किंवा हृदयाच्या आजाराने मृत्यू येणं, या सगळ्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत 24 टक्क्यांनी कमी भरलं. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने ते मधुमेहींच्या किडनीसाठी म्हणून मंजूर केलं. दुसरं ते मौंजारो, म्हणजे टिर्झेपटाइड. आपल्याकडे ते मार्च 2025 मध्ये आलं. वजन आणि साखर उतरवण्यात ते जोरदार आहे, किडनीबद्दलही त्याची चिन्हं चांगली आहेत. पण किडनीसाठी मुद्दाम केलेली एवढी मोठी चाचणी सेमाग्लुटाइडच्याच पदरी आहे. डॉक्टरांशी बोलताना हे लक्षात ठेव. ‘वजन कशाने जास्त उतरेल?’ हा प्रश्न नंतर. ‘माझ्या किडनीला कशाने आधार मिळेल?’ हा आधी.

आता तुझी फाइल काढ आणि समोर घेऊन बस. क्रिएटिनिनचा आकडा तुला पाठ आहे, कारण डॉक्टर त्यालाच गोल करतात. त्याच्याच खाली ईजीएफआर लिहिलेला असतो. किडनी किती काम करतेय, ते त्यावरून कळतं. तीन महिन्यांहून जास्त काळ तो 60 च्या खाली राहिला की किडनीचा आजार धरतात, 30 च्या खाली गेला की कितीतरी गोळ्यांचे डोस बदलतात आणि मेटफॉर्मिन बंद करावं लागतं. दुसरा कागद लघवीचा. त्यावर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो असतो. तो 30 च्या आत असला तर बरं, 30 ते 300 म्हणजे प्रोटीनची गळती सुरू झाली, 300 च्या वर म्हणजे जोरात आहे. तुझ्या फाइलमध्ये हा दुसरा कागद मला फक्त एकदाच दिसला, तोही जुना. साखर दर महिन्याला तपासतेस आणि लघवी तपासतच नाहीस! अगं, मधुमेहात किडनी बिघडायला लागते ते आधी त्या कागदावर दिसतं. क्रिएटिनिन खूप उशिरा वाढतं.

आणखी एक विचार. सुईच्या आधी दोन गोळ्यांची विचारपूस कर. बीपीची टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी तुला चालू आहेच, ती लघवीतली गळतीही कमी करते. दुसरी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि किडनीवरचा दाब उतरवते. किडनीच्या रुग्णांवरच्या तिच्या मोठ्या चाचण्या 2020 आणि 2022 सालीच झाल्या आहेत. आणि ती स्वस्त झालीय. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं आणि साठ रुपयांच्या घरातली गोळी आपल्या कंपन्यांनी दहा-बारा रुपयांच्या आसपास आणली. उलट मौंजारो आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची एक कुपी 3,500 रुपयांना होती आणि 5 ची 4,375 ला. महिन्याला चार कुप्या, हिशेब कर. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची आपल्याकडची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच, त्यामुळे तेही आवाक्यात येण्यासारखं आहे. तरी माझं मत विचारशील तर, दहा रुपयांची गोळी सोडून थेट हजारोंच्या सुईकडे धावणं मला पटत नाही. दोन्ही एकत्र घेणारे पुष्कळ आहेत, पण क्रम डॉक्टरांना ठरवू दे. त्या साखर टाकणाऱ्या गोळीने लघवीच्या जागी खाज येऊ शकते, बायकांना जास्तच. ते लाजून लपवू नकोस, सांगितलं की लगेच उपाय होतो.

आता मला ज्याची खरी धास्ती वाटते ते सांगते. औषध किडनीला थेट दुखापत करत नाही. दुखापत होते ती उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेल्यावर. पहिल्या काही आठवड्यांत मळमळ होते, करपट ढेकर येतात, दोन घास खाल्ले की पोट गच्च. मला सुरुवातीला अर्धी भाकरी संपत नव्हती, फोडणीचा वाससुद्धा नको व्हायचा. धडधाकट माणूस एक-दोन दिवसांच्या उलट्या पचवून जातो. आपली किडनी आधीच थकलेली, तिला पाणी कमी पडलं की चार दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. त्यात तुझी सवय मला माहीत आहे. शाळेत बाथरूमची धड सोय नाही म्हणून सकाळी निघाल्यापासून दुपारपर्यंत तू पाण्याचा घोट घेत नाहीस. सुई सुरू करायची तर ही सवय आधी मोडायची.

म्हणून डोस अगदी लहान. सेमाग्लुटाइड पाव मिलिग्रॅमपासून सुरू होतं, चार आठवडे तिथेच थांबायचं, मग अर्धा, मग एक. टिर्झेपटाइड अडीचपासून. सेमाग्लुटाइडच्या पेनवरचं चाक फिरवलं की खिडकीत आकडा येतो, तो चष्मा लावून वाच. मळमळ जास्त असेल तर त्याच डोसवर आणखी एक महिना राहिलीस तरी काही बिघडत नाही. घाई वजनाला असते, किडनीला नसते. थोडं थोडं खा, तळकट टाळ, पोट भरलं की ताट सारून उठ, सासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी.

आणि डॉक्टरांकडून एक गोष्ट आधीच लिहून घे: उलट्या-जुलाब लागले, ताप आला, पोटात काही राहीना, तर कुठल्या गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवायच्या. साधारणपणे मेटफॉर्मिन, ती लघवीवाटे साखर टाकणारी गोळी, बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, सूज उतरवायची पाण्याची गोळी, यांचा विचार होतो. पण तुझ्यासाठी कुठली आणि किती दिवस, हे त्यांच्या अक्षरात हवं. तो कागद फ्रिजच्या दारावर लाव. लघवी एकदम कमी झाली, उभं राहिलं की भोवळ आली, तर सकाळची वाट बघू नकोस. रात्री घाटी रुग्णालयात जायला लागलं तरी जा. उलट्या झाल्या की आपल्याकडे लगेच नारळपाणी पाजतात. तुझं पोटॅशियम वरच्या बाजूला असतं, तेव्हा ते विचारल्याशिवाय नको. आणि भरपूर पाणी पी, असंही मी आंधळेपणाने सांगणार नाही. पायावर सूज असेल तर पाण्याचं माप डॉक्टरच देतात.

गुडघे दुखले म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तू जी पिवळी-लाल गोळी आणतेस ना, ती आजपासून बंद. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, सगळ्या त्याच घराण्यातल्या. त्या आणि उलट्या एकाच आठवड्यात आल्या तर किडनीवर फार मोठा घाव बसतो. वजन उतरलं की गुडघे तसेही हलके होतील.

साखरेचंही सांगते. नुसत्या या सुईने साखर सहसा धोकादायक इतकी खाली जात नाही. पण तू ग्लिमेपिराइड घेतेस. भूक निम्मी झाली आणि ती गोळी तेवढीच राहिली, की दुपारी हात थरथरायला लागतात, घाम फुटतो. किडनी मंद असली की इन्सुलिन आणि या गोळ्या अंगात जास्त वेळ रेंगाळतात. सुरू करतानाच तिचा डोस कमी करायचा का, हे विचार. साखर 70 च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून घे. संत्र्याचा रस नको, त्यातही पोटॅशियम असतं.

आता जरा बारीक गोष्ट, पण हीच माझ्या मते सगळ्यात कमी बोलली जाते. वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात. आणि क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं. चूल कमी पेटली की राख कमी पडते, तसं स्नायू घटले की क्रिएटिनिनही घटतं. रिपोर्ट बघून तू खूश होशील, ‘किडनी सुधारली!’ म्हणशील, आणि प्रत्यक्षात ती तिथेच असेल. म्हणून वजन बरंच उतरल्यावर डॉक्टरांना सिस्टॅटिन-सी नावाच्या तपासणीबद्दल विचार. ती स्नायूंवर तितकी अवलंबून नसते. लघवीचा रेशोही सोबत बघायचा.

आपल्या लोकांना तर स्नायू गमावून चालतच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय 22.3, अगदी सारखा. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. काट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आतून असा असतो. म्हणून किलो मोजण्यापेक्षा कमरेचा घेर मोज आणि पायांत ताकद किती आहे ते बघ. खुर्चीवरून हात न टेकता उठता येतंय का, सिडकोतल्या तुझ्या घराचे जिने दम न लागता चढता येतात का, हे बघ. प्रोटीनचं त्रांगडं मात्र आहे. जिमवाले म्हणतात पावडर घ्या, किडनीचे डॉक्टर म्हणतात आवरा. डायलिसिसवर नसलेल्या किडनीच्या रुग्णाला साधारण किलोमागे 0.8 ग्रॅम सांगतात, म्हणजे 65 किलोला 52 ग्रॅम. भूक मेल्यावर तेवढंही पोटात जात नाही, हा खरा प्रश्न. आहारतज्ज्ञाकडून दिवसाचं माप लिहून घे, आणि पावडरचा डबा स्वतःच्या मनाने आणू नकोस.

सुई सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घे. साखर झपाट्याने उतरली की आधीच दुखावलेला पडदा काही जणांत आणखी बिघडतो. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, पित्ताचे खडे असतील, घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांग. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या सुईबद्दल सांगायचंच.

पेन फ्रिजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात ठेव. बर्फाला चिकटून गोठलं तर फेकून द्यावं लागतं. आपल्या संभाजीनगरचा एप्रिल-मे म्हणजे चाळिशी पार. दिवसभर लाइट गेली किंवा पुण्याच्या बसमध्ये पर्स उन्हात राहिली तर औषध वाया जाऊ शकतं. बिल घेऊनच खरेदी कर, कुणी अर्ध्या किमतीत घरपोच देतो म्हटलं तर नको.

आणि नवरात्र. कर्णपुऱ्याच्या देवीला तू अनवाणी जातेस, नऊ दिवस उपवास करतेस. देवीला जा. पण निर्जळी करू नकोस. भद्रा मारुतीला हनुमान जयंतीला खुलताबादपर्यंत पायी जायचा हट्टही या वर्षी सोड, रिक्षाने जाऊन दर्शन घे. साबुदाणा, बटाटा, रताळं हा उपवास आपल्या साखरेला आणि पोटॅशियमला दोन्हीकडून मारतो. उपवासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची, हे आधी विचारून ठेव.

एक आतलं सांगते. मावशीला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेताना आपण दोघींनी पाहिलंय. चार तास खुर्चीत, घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. तिच्या वेळी ही औषधं नव्हती. आपल्या वेळी आहेत, म्हणून मी तुझ्यामागे लागलेय. पैशांसाठी भाऊजींसमोर संकोच करू नकोस, मुलांच्या क्लासची फी भरताना तू कधी संकोचली नाहीस. आणि सुई बंद केली की वजन परत येतं, हेही आधी ऐकून ठेव. एका चाचणीत औषध सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आलं. तेव्हा परवडेल तेवढे दिवस घेऊन सोडायची गोष्ट नाही ही, आधी बसून हिशेब करायचा.

सोमवारी शाळेत जाण्याआधी लघवीचा नमुना लॅबमध्ये दे. सकाळचा पहिला. सोबत क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि तीन महिन्यांची साखरही सांग. रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला पाठव, आणि किडनीच्या डॉक्टरांची वेळ घे. मी येते तुझ्याबरोबर.