तलावातील मासे : पाण्याची नोंदवही
(सामान्य विज्ञान : पाठ-टिपण)

पाठाचा हेतू.— तलावात कोणते मासे टिकतील हे पाण्यातील प्राणवायूवर व काठावरील व्यवहारांवर अवलंबून असते, हे विद्यार्थ्यांस निरीक्षणाने उमगावे.

विवेचन.— एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिरगाव व आसपासच्या वस्तीची तहान विहिरी व तळी भागवीत असत. १८६० साली साष्टी बेटावरील विहार तलाव पुरा झाला आणि मुंबईस नळाचे पाणी मिळू लागले. पुढे १८९१ साली विहारच्या दक्षिणेस पवई तलाव बांधण्यात आला. दोन्ही तलाव मिठी नदीच्या खोऱ्यातील. दोहोंवर पडणारा पाऊसही एकच. तथापि विहारचे पाणी आजही शहरास पुरविले जाते. पवईचे पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने तो पुरवठा बंद करावा लागला. विहारभोवती राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य राहिले. पवईच्या काठी मात्र वस्ती वाढत गेली व तिचे सांडपाणी तलावात येऊ लागले.

सांडपाण्यातील नत्र व स्फुरद ही वनस्पतींची खतेच होत. त्यांच्या योगे शेवाळ व जलपर्णी माजतात. जलपर्णीच्या आच्छादनाखाली प्रकाश पोचत नाही. रात्री वनस्पतीही श्वसनासाठी प्राणवायू घेतात. कुजणारा पाला उरलासुरला प्राणवायू संपवितो. म्हणून पहाटेच्या सुमारास पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करतात, आणि पुष्कळदा मरून तरंगतात. पवईत अशा घटना घडल्या आहेत.

सर्व मासे सारखे सोशिक नसतात. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. निरोगी तलावात तिघेही एकत्र नांदतात. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील मासे. पावसाळी पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून बीज सोडावे लागते. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी टोचणीने त्यांची वीण घडवून आणल्यावर हे बीज मिळणे सुलभ झाले. याउलट मूळची आफ्रिकेतील व १९५२ साली भारतात आणलेली चिलापी अल्प प्राणवायूतही तग धरते व स्थिर पाण्यातच वारंवार विते. मरळ तर पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो. यास्तव ज्या तलावात केवळ चिलापी व मरळच उरतात, तेथील पाणी बिघडले असल्याची शंका घेण्यास जागा असते.

उपक्रम.— शिक्षकांनी गावच्या तलावावर मुलांस न्यावे. पाण्यात उतरू देऊ नये. मासेमारी करणाऱ्या वडीलधाऱ्यांस पुढील प्रश्न विचारवावेत : पूर्वी कोणते मासे मिळत? आता कोणते मिळतात? कोणता कधीपासून दिसेनासा झाला? उत्तरे वर्गाच्या वहीत तारखेसह लिहावीत. काठावर गुरे धुणे, खताचे ओघळ, गटाराचे तोंड, जलपर्णी यांचा नकाशा मुलांकडून काढून घ्यावा. हीच पाहणी दरवर्षी त्याच महिन्यात करावी.

समारोप.— मासा नाहीसा होतो तेव्हा कोळ्याचे अन्न जाते, एवढेच नव्हे; ज्या पाण्यावर गाव जगते त्याविषयीची ती पहिली सूचना असते. ती वेळीच ओळखणारी मुले घडविणे हे या पाठाचे खरे फलित होय.