चित्राखालचं नाव

नानासाहेब पेशव्यांचं ते चित्र मी मुंबईतल्या एका जुन्या बाजारातून चौदा हजारांना घेतलं. विक्रेता म्हणाला, "1857 सालचं आहे साहेब, पोलादी पत्र्यावरचं अस्सल कोरीवकाम." चित्र रंगीत होतं, काचेत मढवलेलं होतं आणि खाली इंग्रजीत नाव होतं. वेणगावचा मुलगा बाजीरावांना दत्तक गेला, बिठूरला वाढला आणि सत्तावन्नच्या धामधुमीनंतर कायमचा दिसेनासा झाला. त्याचा चेहरा आपल्या बैठकीत असावा, एवढंच माझ्या मनात होतं. भिंग मी खिशातून काढलंही नाही. पहिली चूक ती.

दोन वर्षांनी छापखान्यात हयात घालवलेले एक काका घरी आले. त्यांनी फ्रेम उतरवायला लावली आणि कागद उलटा केला. मागे इंग्रजी मजकुराचे दोन स्तंभ छापलेले होते.

"हा पत्रा नाही, लाकूड आहे," ते म्हणाले.

तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर रेघ खोदतात, शाई त्या खाचेत बसते आणि ओलसर कागद जबर दाबाखाली तिला उचलून घेतो. म्हणून कागदावर पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब उमटतो. कडा छाटलेल्या नसतील तर तो बोटाला लागतो. लाकडी ठशात उलट असतं. शाई उंच राहिलेल्या भागाला लागते, त्यामुळे ठसा शिशाच्या टाइपांशेजारी बसवून मजकुराबरोबरच छापता येतो. 1842 साली सुरू झालेल्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'सारखी साप्ताहिकं अशीच निघत. माझ्या हातात होतं ते अशाच एका साप्ताहिकाचं पान. त्या काळी ते हजारोंनी छापलं जाई, आणि छापलं जाई फक्त काळ्या शाईत. रंग कोणीतरी नंतर भरला होता, आणि अगदी अलीकडे. कारण कागदावर पडलेल्या तांबूस डागांच्या वरून तो फिरला होता. डाग आधीचे, रंग नंतरचा. दहापट भिंगाखाली हे मिनिटभरात दिसलं. भिंगाखाली रेघांऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली असती, तर ते कोरीवकामही नसतं, फोटोवरून केलेली छपाई असती.

पैसे जास्त गेले याचं दुःख महिनाभरात ओसरलं. दुसरं अजून ओसरलेलं नाही. सत्तावन्नच्या लढाईत असलेल्या फोर्ब्स-मिचेल नावाच्या सैनिकाच्या आठवणी 1893 मध्ये छापल्या गेल्या. त्यात तो सांगतो की, लंडनच्या सचित्र साप्ताहिकाला नानासाहेबांचा चेहरा तातडीने हवा होता, आणि छापला गेला तो लष्कराला रसद पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराचा. झाशीच्या राणीची बाजू मांडणारा वकील जॉन लँग याच्यामार्फत ते चित्र विलायतेला पोचलं होतं. ज्या माणसावर इंग्रजांनी लाखाचं बक्षीस लावलं, ज्याच्या नावाखाली 1874 मध्येही ग्वाल्हेरला भलताच माणूस धरला गेला, त्याचा म्हणून मी कोणा परक्याचा चेहरा पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होतो.

तेव्हापासून मी कागदाचं वय आणि चेहऱ्याचं खरेपण हे दोन वेगळे प्रश्न मानतो. कागद शंभर टक्के जुना आणि चेहरा शंभर टक्के खोटा असू शकतो. नव्याने या छंदात येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : कोरणाऱ्याने माणूस पाहिला होता का, हे आधी विचारा. बहुतेकदा पाहिलेला नसतो. 1724 ते 26 या काळात हॉलंडमध्ये छापलेल्या व्हॅलेंटाइनच्या ग्रंथात शिवाजी महाराजांचं कोरीव चित्र आहे. ते कोरणारा महाराष्ट्रात कधी आला नव्हता. त्याच्यापुढे होतं ते दुसरं चित्र. तसं मूळ चित्र कुठे आहे, ते कधीचं आहे, याचा माग काढल्याशिवाय किंमत बोलू नका. पत्र्यावर चित्र जसंच्या तसं कोरलं तर छापताना ते उलटं येतं, हेही ध्यानात असू द्या. हिंदू सरदार जाम्याचे बंद डाव्या बगलेत बांधत, मुसलमान उजव्या. छापात बंद भलत्या बाजूला असतील तर घाईने निष्कर्ष काढू नका. कदाचित अख्खं चित्रच आरशातलं असेल.

सुटं पान ताजं कापलेलं दिसलं तर मी आता घेत नाही. ग्रंथातली चित्रं सुटी विकली की पैसे जास्त मिळतात, म्हणून चांगली बांधलेली पुस्तकं फाडली जातात. आपण ते पान विकत घेतलं की पुढच्या पुस्तकाला सुरी लागते.

फ्रेमवाल्याच्या हाती चित्र सोपवतानाही समोर उभे राहा. माझं एक तांब्याच्या पत्र्यावरचं छान छापचित्र त्याने पाठीला गोंद फासून साध्या पुठ्ठ्यावर डकवलं. तीन पावसाळ्यांत कागद पिवळा पडून कडकडीत झाला. आम्लमुक्त पुठ्ठा मागा, आणि चित्राच्या फक्त वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावायला सांगा. खळ पाण्याने सुटते, गोंद कागद घेऊनच निघतो. काच चित्राला टेकू देऊ नका, नाहीतर दमट हवेत तिथेच बुरशी धरते. आणि लॅमिनेशन कुणी सुचवलं तर चित्र उचलून घरी या.

ते सत्तावन्नचं पान मी विकलं नाही. विकलं असतं तर कोणीतरी पुन्हा त्याच नावाने ते भिंतीवर लावलं असतं. ते फाइलीत आहे, आणि फाइलीवर मऊ पेन्सिलीने लिहिलं आहे : नानासाहेब म्हणून छापलेला गृहस्थ.