मोटारीच्या क्लचमधील बेअरिंग : पारख, बदल व निगा

गोंदियाहून गोरेगावमार्गे येणारा रस्ता कोहमारा येथे राष्ट्रीय महामार्गास मिळतो. हा महामार्ग पूर्वी क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई; आता त्याचा क्रमांक ५३ आहे. या टापूतील अनेक धानउत्पादकांच्या दारी जीप किंवा मोटार उभी असते. रोवणीचे मजूर आणणे, खताची पोती वाहणे, विक्रीच्या कामी तालुक्यास जाणे ही कामे तिच्यावर अवलंबून असतात. ऐन रोवणीत ती अडली म्हणजे उपटलेले पऱ्हे धुऱ्यावर सुकतात आणि खोळंबलेल्या मजुरांची मजुरी मात्र द्यावीच लागते. अशा खोळंब्याचे एक कारण म्हणजे क्लचमधील झिजलेले रिलीज बेअरिंग होय. त्याची सूचना बहुधा आधी मिळते. ती ओळखता आली पाहिजे.

प्रथम रचना पाहू. फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट घट्ट दाबलेली असते, म्हणून इंजिनाची गती गिअर बॉक्सकडे जाते. पेडल दाबले असता एक फाटा रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो. ते प्रेशर प्लेटच्या फिरत्या बोटांवर दाब देते व प्लेट मोकळी होते. फाटा स्थिर, तर बोटे इंजिनाच्या वेगाने फिरणारी. या दोहोंमधील घर्षण हे बेअरिंग सोसते. मात्र हा भार थोडा वेळ सोसावा, एवढ्याचसाठी ते घडविलेले असते. पेडलवर पाय टेकवून गाडी हाकणे, किंवा धानाच्या गाड्यांच्या रांगेत गिअर घालून पेडल दाबून थांबणे, या सवयींनी त्याचा विसावा नाहीसा होतो व ते अकाली झिजते.

पारख कानाने करावी. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करावे व पेडल हळूहळू दाबावे. पेडलास भार लागताच घरघर किंवा किंचाळी उमटली वा वाढली, तर दोष बहुधा रिलीज बेअरिंगचा समजावा. उलट पेडल सोडलेले असता आवाज येतो व दाबताच थांबतो, तर गिअर बॉक्सच्या पुढील शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. ही परीक्षा केल्यावाचून मिस्त्रीस काम सांगू नये. नाहीतर गिअर बॉक्स उतरविण्याची मजुरी व्यर्थ जाते.

बदलण्याचे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करवावे, परंतु मालकाने त्याचा क्रम जाणावा. प्रथम बॅटरीची तार सोडावी. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली कोणासही जाऊ देऊ नये. मजबूत घोड्या लावून चाकांना ओट द्यावी. मागील चाके ओढणाऱ्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट, तर पुढील चाके ओढणाऱ्या गाडीचे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात. गिअर बॉक्सला खालून आधार देऊन तो सरळ रेषेत मागे घ्यावा. त्याचा भार शाफ्टवर लोंबकळू दिल्यास क्लच प्लेट वाकते. आतील भुकटी फुंकर मारून उडवू नये. जुन्या प्लेटींत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो व तो फुप्फुसास घातक आहे.

गिअर बॉक्स उतरल्यावर फाटा, बेअरिंग सरकते ती नळी व प्रेशर प्लेटची बोटे तपासावीत. बोटे खोल चरली असतील किंवा त्यांची उंची कमीजास्त असेल, तर नवे बेअरिंगही लवकर बिघडेल. बेअरिंगची किंमत अल्प व मजुरी भारी असल्याने झिजलेली प्लेट, तसेच शाफ्टच्या टोकाचे पायलट बेअरिंग असल्यास व ते सैल झाले असल्यास तेही, त्याच वेळी बदलणे हिताचे ठरते. नवे बंदिस्त बेअरिंग रॉकेलात वा डिझेलात धुऊ नये. आतील ग्रीस निघून जाते. नळीवर व फाट्याच्या टेकूवर ग्रीसचा पातळ हात द्यावा, क्लच प्लेटला मात्र त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. काही गाड्यांत बेअरिंग तेलदाबाच्या सिलिंडरशी जोडलेले असते. तेथे पूर्ण जोड बदलून तेलातील हवा काढावी लागते. शेवटी पेडलची मोकळीक उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे तपासावी.

ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू आहे. किंबहुना तेथे क्लचपर्यंत पोहोचण्यास बहुधा ट्रॅक्टर मधोमध दुभागावा लागतो, म्हणून चिखलणी करताना चालकाने पाय पेडलवरून काढून ठेवण्याची शिस्त अधिकच पाळावी.

तात्पर्य, उन्हाळ्यात, बांध्या कोरड्या असतानाच, प्रत्येकाने वरील परीक्षा एकदा करून पाहावी. आवाज आढळल्यास दुरुस्ती तेव्हाच करवून घ्यावी, म्हणजे पावसाळ्यात गाडी दुरुस्तीस व मजूर बांधीवर अडकून पडणार नाहीत.