सागरगोट्यांपासून तीन चेंडूंपर्यंत : बैठकीतली दहा मिनिटं



सागरगोटे झेलता येतात का, असं गटात विचारलं की निम्म्या जणी हसतात आणि हात आपोआप हलायला लागतात. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन. गजग्याच्या काटेरी वेलीचं हे राखाडी बी आपल्या वसईच्या किनारपट्टीला नवं नाही. खेळ मात्र सुटला. मुलगी मोठी झाली की ‘आता काय खेळतेस’ म्हणतात. दादा मात्र चाळिशीतही रविवारी बॅट घेऊन मैदानावर जातात. म्हणून या वेळचा पाठ खेळाचा.

तीन चेंडू आलटून-पालटून झेलायचे, याला जगलिंग म्हणतात. ते फक्त सर्कशीतलं नाही. इजिप्तमध्ये बेनी हसन इथे सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या थडग्याच्या भिंतीवर चेंडू झेलणाऱ्या बायकाच रंगवलेल्या आहेत. टोंगा बेटांवरही हा मुलींचा खेळ.

उपयोग काय? २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही जणांना तीन महिने हा सराव करायला लावला. हलत्या वस्तूंवर नजर ठेवणारा मेंदूचा भाग त्यांच्यात थोडा वाढलेला दिसला. सराव थांबवल्यावर ती वाढ कमी झाली. म्हणजे हे बचतीसारखंच : थोडं, पण नेमानं. यानं हप्त्याचं टेन्शन मिटत नाही. पण चेंडू हवेत असताना हप्ता डोक्यात येत नाही, तेवढीच डोक्याला विश्रांती.

चेंडू घरीच करा
जुन्या साडीच्या तुकड्यात मूठभर चिंचोके किंवा तांदूळ भरून घट्ट शिवा. तिन्ही सारख्या वजनाचे हवेत. रबरी चेंडू नकोत, ते पळतात.

शिकायचं कसं
१. एक चेंडू : उजव्या हातातून डाव्या हातात, डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवा. मग उलट.
२. दोन चेंडू : पहिला सर्वांत वर पोचला की दुसरा उडवा. दुसरा नुसता हातात सरकवायचा नाही, तोही उडवायचाच.
३. तीन चेंडू : उजव्या हातात दोन, डाव्यात एक. उजवा, डावा, उजवा. तीन झेलले की थांबा, मग पुढे वाढवा.

खाटेसमोर उभ्या राहा. चेंडू खाटेवर पडतील, सारखं वाकावं लागणार नाही. खांदा दुखत असेल, चक्कर येत असेल तर बसून एकाच चेंडूनं खेळा.

शाळेत आणि अंगणवाडीत
थंडीत सकाळी पोरं आखडून बसतात. वर्गात जागेवरच उभं करून प्रत्येक झेलीला पाढ्याची एक पायरी म्हणायला लावा. चेंडू पडला की पुन्हा उचलायचा, कुणी हसायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. अंगणवाडीतल्या लहानग्यांना हलका ओढणीचा तुकडा उडवून झेलू द्या. त्यांच्या हाती सागरगोटे किंवा चिंचोके देऊ नका. ते तोंडात जातात, घशात अडकू शकतात.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक चेंडू शिवून आणा. हजेरी आणि बचत झाली की दहा मिनिटं खेळाची. ज्यांना सागरगोटे येतात, त्यांनी आधी शिकवायचं.