झटका कधी बसतो, ते आधी लिहा

ताम्हिणी घाटात जुलैचा पाऊस कोसळत होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढत होती, मागे एसटी होती आणि इंजिनाने अचानक दम सोडला. बंद पडलं नाही. तीन-चार झटके दिले, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ येईना, डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला. वळण गेलं, चढ सरला आणि काही झालंच नाही अशी गाडी पळू लागली. मागे बसलेल्या आईने एवढंच विचारलं, "घेताना नीट बघितली होतीस ना रे?"

बघितली होती. ६८ हजार किलोमीटर चाललेली पेट्रोल हॅचबॅक, एकाच मालकाची, कागदपत्रं चोख, पत्र्याला कुठे डागडुजी नाही. पण चाचणीची फेरी शहरातल्या सपाट रस्त्यावर दहा मिनिटांत उरकली होती. मी बॉडी बघितली, टायर बघितले, एसी लावून बघितला. चढावर मात्र गाडी नेली नाही.

गाडी 'मिस मारते' म्हणजे नेमकं काय होतं? चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडून इंधन जळतं. त्यातली एखादी वेळ हुकली की क्रँकशाफ्टला त्या क्षणी मिळायचा धक्का मिळत नाही, त्याचा वेग किंचित पडतो. क्रँक सेन्सर हा फरक टिपतो आणि गाडीचा संगणक कोणत्या सिलिंडरची पाळी हुकली ते ओळखून कोड साठवतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०४ म्हणजे चौथा. पी ०३०० आला तर दोष एका सिलिंडरपुरता नाही. तेव्हा इंधनाचा दाब, कुठून तरी आत ओढली जाणारी जास्तीची हवा अशी सामाईक कारणं आधी बघावी लागतात.

पहिल्या गॅरेजमध्ये चारही प्लग बदलले. आठ दिवस गाडी छान चालली. मग पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजने थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ केले. पुढे तिथेच फ्युएल पंपही बदलला. प्रत्येक वेळी चार-आठ दिवस बरे जायचे, वाटायचं की सुटलो. चार महिन्यांत १९ हजार रुपये गेले. दिवा घालवायला दर वेळी बॅटरीचं टर्मिनल काढून परत जोडलं जायचं. त्यासोबत साठवलेला कोड जायचा आणि दोष आला त्या क्षणाची जी नोंद संगणक ठेवतो, तीही जायची. दोषाचा एकमेव साक्षीदार आम्हीच आमच्या हाताने घालवत होतो.

अधूनमधून येणाऱ्या दोषाची खरी अडचण इथेच आहे. तो आपला आपण जातो. त्यामुळे तो गेलेला असताना जो पार्ट बदलला, त्याला श्रेय मिळतं. गॅरेजवाल्याने फसवलं असं मी म्हणत नाही. त्यालाही मनापासून वाटत होतं की काम झालं. पण जो दोष मनात येईल तेव्हा पुन्हा दाखवता येत नाही, तो दुरुस्त झाला असं कुणीच म्हणू शकत नाही.

हडपसरच्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनने बोनेट उघडायलाच नकार दिला. म्हणाला, "बोनेट नंतर. आधी वही घाला आणि पंधरा दिवस लिहा. इंजिन गार की गरम, चढ की सपाट, पाऊस की ऊन, टाकीत पेट्रोल किती. कोड कुणाला पुसू देऊ नका."

मला खात्री होती की पावसाचं पाणी कुठेतरी शिरतंय. पंधरा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. पावसातल्या फक्त चार. चढावरच्या नऊ. आणि अकराच्या अकरा वेळा गाडी वीस मिनिटांहून जास्त चाललेली, इंजिन पूर्ण गरम. घाटात आम्ही पावसाळ्यातच जात होतो, म्हणून पाऊस डोक्यात बसला होता.

मग स्कॅनर लावला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसतो. कोड निघाला पी ०३०३, तिसरा सिलिंडर. सोबतच्या नोंदीत इंजिनावर भार भरपूर, वेग ताशी २४ किलोमीटर, पाण्याचं तापमान ९१ अंश. वहीत लिहिलं होतं तेच.

पुढची पायरी प्रत्येक गाडीमालकाने समजून घ्यावी अशी आहे. त्याने नवीन कॉइल मागवली नाही. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर, आणि गाडी दिवे घाटावर नेली. दोष कॉइलमध्ये असता तर आता पी ०३०१ आला असता. आला पी ०३०३च. मग प्लगची अदलाबदल केली. पुन्हा पी ०३०३. म्हणजे बदलता येणारे दोन्ही पार्ट निर्दोष ठरले, एकही रुपया खर्च न होता. राहिलं ते त्या सिलिंडरच्या जागेवरचं: वायरिंग, इंजेक्टर किंवा खुद्द इंजिनाचं कॉम्प्रेशन. सगळ्यात स्वस्त आणि सोपं ते आधी, म्हणून वायरिंग.

इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवलं आणि तिसऱ्या कॉइलकडे जाणारी वायर त्याने दोन बोटांत धरून हलकेच ओढली. इंजिन अडखळलं. सोडली, सुरळीत. पुन्हा ओढली, पुन्हा अडखळलं. इंजिन बंद करून कनेक्टरच्या मागची काळी टेप सोडली. वरचं प्लॅस्टिक अगदी शाबूत होतं. ते चिरल्यावर आत तांब्याच्या तारा हिरवट पडलेल्या दिसल्या, बहुतेक तुटलेल्या, दोन-तीन केसाएवढ्या धाग्यांवर सगळं चाललेलं. इंजिनाचं एक माउंटिंग फाटलं होतं. चढावर जोर पडला की इंजिन कलायचं, वायर ताणली जायची, तारांची टोकं सुटायची. वायरचा तुकडा, कनेक्टर, माउंटिंग आणि मजुरी मिळून २४०० रुपये.

गाडी सीएनजीवरही चालत असेल, तर एक तपासणी फुकटात होते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून प्लग किंवा कॉइल कमजोर झाली की गाडी आधी सीएनजीवर मिस मारते आणि पेट्रोलवर ठीक चालते. दोन्हींवर सारखीच मारत असेल, तर सीएनजी किटला दोष देऊन उपयोग नाही. प्लग काढल्यावर त्याच्या खड्ड्यात ऑइल दिसलं, तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलेलं असतं. पाणी दिसलं, तर सर्व्हिसिंगला प्रेशरने इंजिन धुतलं होतं का, ते विचारा.

फियाट-ॲम्बॅसॅडरच्या काळात चालू इंजिनाची एकेक प्लगवायर उपटून मिस्त्री मंडळी आजारी सिलिंडर शोधत. आजच्या गाडीवर ते करू देऊ नका. कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो, शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो, त्यामुळे तो पार्ट फार महाग. इंजिनाचा दिवा लुकलुकतो तो याच धोक्यासाठी. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागा बघून थांबा. पुढे जाणं अटळच असेल, तर जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश न्या.

जुनी गाडी बघायला जाणार असाल, तर विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन गार हवं. स्कॅनर सोबत न्या. कोड एकही नाही, पण संगणकाच्या स्वतःच्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. त्याचं कारण विचारा. मग निदान अर्धा तास गाडी चालवा, त्यात एखादा खरा चढ येऊ द्या, चार माणसं आत बसलेली असू द्या. इतकं करायला विकणारा तयार नसेल, तर ती गाडी घेऊ नका.