सोलर वॉटर हीटर निवडताना आधी पाणी तपासा

सोलर घ्यायचा म्हटलं की आपण आधी किंमत विचारतो. खरं तर पहिला प्रश्न पाण्याचा आहे.

घरी बोअरचं पाणी आहे का? साबणाला फेस कमी येतो का? पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो का? तसं असेल तर तेच पुस्तकातलं 'दुष्फेन पाणी'!

सोलरचे मुख्य प्रकार दोन :

१) सपाट पेटीचा (एफपीसी) : यात तांब्याच्या बारीक नळ्या असतात. मजबूत, टिकाऊ, पण क्षार साचून नळ्या तुंबतात. म्हणून सुफेन पाण्यासाठी चांगला.

२) काचनळ्यांचा (ईटीसी) : नळ्या रुंद असतात, काढून साफ करता येतात. बोअरच्या पाण्याला हाच सोयीचा. मात्र काच फुटू शकते.

चार माणसांच्या घराला साधारण १०० लिटरचा संच पुरतो. तोंड दक्षिणेकडे हवं, सावली नको. पंप नसेल तर थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर हवी, नाहीतर त्यात पाणी चढणारच नाही. पावसाळ्यासाठी गिझर राहू द्या.

आता मुलांसाठी गणित. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला १०० × ३५ = ३५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक युनिट वीज म्हणजे सुमारे ८६० किलोकॅलरी. म्हणजे उन्हाच्या एका दिवसात सुमारे ४ युनिट वाचतात. वीजबिलावरचा दर बघून पुढचा गुणाकार मुलांनाच करू द्या. सोलरची किंमत किती दिवसांत वसूल होईल, हेही तेच सांगतील.