जमिनीचे पांघरूण : जलपिंपळी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. पाऊस थोडा, पण पडतो तेव्हा पुष्कळदा जोराने पडतो. उघड्या जमिनीवर आदळणारा थेंब मातीचे कण सुटे करतो. हे बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात. मग पाणी आत मुरत नाही. माती घेऊन वाहून जाते. शाळेच्या बागेतही हेच घडते. तेथे हिरवळ लावावी, तर उन्हाळ्यात रोज पाणी कोठून आणणार?

यावरचा एक उपाय ओढ्याकाठी आणि पाटाच्या कडेला आढळतो. तो म्हणजे जलपिंपळी, शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. घाणेरीच्या कुलातील ही बहुवर्षायू वनस्पती जमिनीसरशी पसरते. पाने समोरासमोर, टोकाकडे दातेरी असतात. बारीक पांढरी-गुलाबी फुले खालून वर उमलत जातात. त्यामुळे फुलांचे मुंडके लांबून पिंपळीसारखे दिसते. तिच्या पसरण्याचे रहस्य पेरांत आहे. जमिनीला टेकलेल्या पेरापेरातून मुळे फुटतात आणि वेल मातीला ठिकठिकाणी जखडला जातो. ओल तिला आवडते; पण मुळे खोल गेली, की ती पाण्याची ताणही सोसते.

लागवड सोपी आहे. पावसाळ्याच्या आरंभी वाफ्यातील हरळी व लव्हाळा मुळासकट काढा. दोन-तीन पेरांचे तुकडे वीतभर अंतरावर, एक पेर मातीत जाईल असे लावा. वेल एकमेकांना भिडेपर्यंत खुरपणी करा व माती ओली ठेवा.

आता हा प्रयोग करून पाहा. दोन सारख्या पसरट डब्यांत एकच माती भरा. एकात जलपिंपळी दाट वाढू द्या, दुसरा उघडा ठेवा. दोन्ही सारखे तिरपे करून प्रत्येकावर झारीने एकेक लिटर पाणी घाला. खाली वाहून आलेले पाणी मोजा. रात्रभर निवळू देऊन तळाचा गाळ पाहा. पाने थेंबाचा मार झेलतात, खोडे प्रवाह अडवतात आणि मुळे माती धरतात. यांचा परिणाम तुमच्या आकड्यांत दिसतो का?

एक सावधगिरी मात्र हवी. दक्षिण अमेरिकेतील हिचीच एक जवळची नातलग ऑस्ट्रेलियात बागांसाठी नेली गेली. तेथे ती नदीकाठच्या कुरणांत शिरून गवताला मारक ठरली. म्हणून पांघरूण निवडताना आपल्याच परिसरातील वनस्पती घ्या, आणि वाफ्याबाहेर आलेले वेल वेळच्या वेळी छाटा.